मशीन का बंद पडलं

लाइट गेली की माझा फोन वाजायला लागतो. मी ज्या कंपनीत काम करते ती डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या जनरेटरची देखभाल बघते, आणि तक्रारी घ्यायच्या टेबलावर मी बसते. पलीकडून वॉचमन ओरडत असतो, त्याच्यामागे लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे नातेवाईक ओरडत असतात, आणि मला त्या गोंधळात एकामागून एक प्रश्न विचारायचे असतात. डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? फिल्टर कधी बदललेला? धूर येतोय का, आणि येत असेल तर काळा की पांढरा? निम्म्याहून जास्त तक्रारी मिस्त्री न पाठवताच मिटतात. मशीन बिघडलं म्हणजे आत काहीतरी मोठं तुटलं असं लोकांना वाटतं. तसं क्वचितच असतं. मशीन बहुतेक वेळा उपाशी पडतं, नाहीतर गुदमरतं.

हे मला कंपनीत कुणी शिकवलं नाही. बाबांनी शिकवलं, होडीत बसवून. कोपर स्टेशनच्या मागे खाडीकडे उतरत गेलं की आमचं गाव लागतं. गाव म्हणायचं आपलं. चारही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या जाहिरातींत आमच्या खाडीला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात. तो व्ह्यू वासासकट घ्यावा लागतो, हे जाहिरातीत नसतं. बाबांना मुलगा नव्हता, मी होते, म्हणून पान्हा धरायला मीच. होडीच्या मध्यावर, लाकडी पेटीखाली, एका सिलिंडरचं डिझेल मशीन. हँडल मारून चालू करायचं. त्याच्यातून एक लोखंडी दांडा मागे जातो आणि पाण्याखाली पंखा फिरवतो. मशीनच्या वर, फळीवर, पत्र्याची टाकी. तिच्यातून डिझेल आपल्या वजनानं नळीतून खाली उतरतं. टाकीच्या अंगाला एक काचेची नळी, आत किती डिझेल आहे ते बाहेरून दिसावं म्हणून.

मशीन बंद पडलं की बाबा म्हणायचे, “आधी पोट बग.” म्हणजे आधी डिझेल बघ, ते खालपर्यंत पोचतंय का बघ, बाकीचं डोकं नंतर चालव. नळीत हवा शिरली तर मशीनला उचक्या लागतात. मग पंपावरचा छोटा स्क्रू पान्ह्यानं ढिला करायचा, बुडबुडे येत राहतात तोवर डिझेल वाहू द्यायचं, आणि सलग धार लागली की आवळायचा. मशीन तापलं तर खाली वाकून बघायचं. थंड करायला खाडीचं पाणी जिथून आत ओढलं जातं तिथे दुधाची पिशवी चिकटलेली असणार. पंखा जड झाला तर त्याला साडीचा तुकडा गुंडाळलेला असणार, किंवा गोणी, किंवा आणखी काय, जे शहरानं टाकलेलं असेल ते. लहानपणी मी मासे कमी आणि कचराच जास्त ओळखायला शिकले. बाबा हे सगळं शिव्या न देता उपसायचे. शिव्या मी द्यायचे, आणि ते हसायचे.

बाबा पूर्वी प्यायचे. लपवण्यात अर्थ नाही, अख्ख्या गावाला माहीत होतं. माझ्या लग्नाआधी आईनं त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि त्यांनी सोडली. खरंच सोडली. पण आमच्या गावात माणूस प्यायला लागला की लगेच कळतं, सोडली तर कुणाला कळत नाही. कळलं तरी पटत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दिवशी बाबा गेले.

त्या सणाची आमच्या घरातली रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यातच आहे. सणाआधी होडी काठावर ओढायची, खरवडायची, रंगवायची. होडी बाबा रंगवायचे, पण मशीन आणि टाकी आई. मशीन म्हणजे घरची लक्ष्मी, तिला घरच्या बाईचा हात लागला पाहिजे, हे माझ्या आजीच्या आधीपासून चालत आलेलं. आई टाकीला निळा ऑइलपेंट द्यायची, खिडक्यांच्या गजांना आणलेल्यातला उरलेला, आणि असा मन लावून की पत्र्याचा कण उघडा राहायचा नाही. खाऱ्या हवेत उघडा पत्रा चार महिन्यांत सडतो, ते तिला पाठ होतं. मग सणाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरायची, ओटी भरतात तशी. भरल्या टाकीनं होडी गेली की भरल्या जाळ्यानं येते. वर झाकण लावून आई हळदकुंकू वाहायची आणि झाकणावर लाल खण गुंडाळून गाठ मारायची. ती गाठ पहिल्या फेरीवरून होडी परत आली की आईनंच सोडायची. तोपर्यंत त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही, खुद्द बाबांनीही नाही.

मी शहाडहून, सासरहून, सकाळीच आलेले. सगळ्या होड्या मिळून मधल्या धारेपर्यंत गेल्या, नारळ सोडले, खाडीला मान म्हणून बाटलीतली दारूची धार सोडली आणि परत आल्या. ही काही खरी फेरी नव्हे. खरी फेरी म्हणजे जाळं लागलं की. म्हणून आईनं टाकी भरून खण बांधला तो होडी परत आल्यावरच. जेवणं झाली, पुरुषमाणसं आडवी झाली, आणि बाबा उठले. भरती उतरायला लागली होती. “चहापावत येतो,” म्हणाले, आणि एकटेच निघाले. नवा पांढरा शर्ट होता अंगात. मी धक्क्यावरून बघत होते. मशीन एका हँडलला चालू झालं, टुकटुक करत होडी वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

चहापर्यंत ते आले नाहीत. फोन वाजत राहिला, मग वाजायचाही थांबला. पौर्णिमेची ओहोटी, वर पावसाचं सगळं पाणी नदीतून उतरत होतं. त्या दिवशी खाडी पळत होती. गावातल्या होड्या शोधायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा स्टेशनच्या बाजूला तिवरांच्या झाडीत होडी सापडली, रिकामी.

होडी ओढत आणली. डावी बाजू पुलाच्या सिमेंटच्या खांबाला घासून सोलली होती. फिल्टरची वाटी उघडून फळीवर ठेवलेली. पान्हा पंपावरच्या त्या छोट्या स्क्रूवरच अडकलेला होता. झाकणावर लाल खण जसाच्या तसा, गाठ बांधलेली. आणि बसायच्या फळीखाली सकाळची बाटली, अर्धी रिकामी.

आई चालत होडीपाशी गेली आणि तिनं खणाची गाठ सोडली. होडी परत आली की सोडायची असते, म्हणून सोडली. बायकांनी तोंडं फिरवली. बाबा अजून मिळायचे होते.

ते मिळाले मुंब्र्याच्या पुढे, पाण्यात इतका वेळ राहून की डॉक्टरांनी प्यायलेले होते की नव्हते हे सांगता येणार नाही म्हणून हात वर केले. मग सांगायचं काम गावानं घेतलं. काकांनी मशीन बघायला एक मिस्त्री आणला होता. त्यानं टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, डिझेल भरपूर. झाकण तसंच बाजूला ठेवून फिल्टर जोडला, हवा काढली, हँडल मारलं. मशीन लगेच सुरू झालं. हात पुसत तो म्हणाला, “मशीन एकदम ठणठणीत आहे.”

त्या एका वाक्यानं बाबांचा निकाल लागला. मशीन चांगलं, टाकी भरलेली, माणूस जन्मापासून खाडीवर वाढलेला, आणि फळीखाली अर्धी बाटली. मग पडला कसा? उचलली जीभ लावली टाळ्याला. सणासुदीला कोण कोरडं राहतं, म्हणाले. एवढी वर्षं दाबून धरलेली, सणाला सुटली. सांत्वनाला आलेले लोक आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पिऊन, आवाज खाली करून हे बोलायचे, आणि आवाज खाली केला म्हणजे आतल्या बाईला ऐकू येत नाही असं समजायचे. मला एकेकाला पाण्यात ढकलावंसं वाटत होतं.

दिवसकार्य झाल्यावर आई मला म्हणाली, “त्यानं घेतली नव्हती. मशीनीला काय झालं ता काढ. तुना कलतं.”

“मिस्त्रीनं बघितलंय ना, आई.”

“मिस्त्रीनं बगितलं चालू होतं का. तू बग बंद का परलं.”

मी चिडले. मी रोज दुसऱ्यांची मशीनं चालू करते आणि माझी आई मला बंद पडण्याचं कारण शोधायला सांगतेय, तेही चालू असलेल्या मशीनमध्ये. पण तिनं काय मागितलं होतं ते मला नीट कळलं होतं. मशीनमध्ये दोष निघाला तर बाबा काम करताना गेले. नाही निघाला तर ते पिऊन, माझ्या डोक्यावर ठेवलेला हात खोटा करून गेले. यात तिसरं काही नव्हतं. तिला उरलेलं आयुष्य यातल्या एकाबरोबर काढायचं होतं, आणि मलाही.

मग माझ्या सुट्टीचे रविवार धक्क्यावर जायला लागले. टाकी मी आधी रिकामी करून घेतली. मग दर वेळी बाटलीभर डिझेल तिच्यात टाकायचे, होडी दोरानं बांधून ठेवायचे आणि मशीन चालवायचे. आई शेजारी उलट्या पाटीवर बसून बघायची. डिझेलात पाणी गेलं असेल म्हणून टाकी रिकामी करताना तळाचं जुनं डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढलं. पाणी असतं तर खाली वेगळं बसलं असतं. आईनं बाटली हातात घेतली, उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली. थेंब नव्हता. फिल्टर थोडा काळा होता, पण चालण्यासारखा. डिझेल उडवणारा नोजल काढून कल्याणला तपासून आणला, चांगला निघाला. थंड पाण्याची वाट मोकळी, पंख्याला काही नाही, नळ्यांना चीर नाही. मशीन टुकटुक चालायचं आणि चालतच राहायचं. माझ्या टेबलावर असा जनरेटर आला असता तर मी तक्रार बंद करून टाकली असती.

“सापरलं?” आई विचारायची.

“नाही.”

ती उठायची. पाटी उचलायची आणि घराकडे चालायला लागायची. प्रत्येक ‘नाही’ला मीच तिला सांगत होते की तुझा नवरा पिऊन मेला.

एका रविवारी मी मशीनला लाथ घातली. अंगठा सुजला, मशीनला काही झालं नाही. त्या दुपारी मला वाटलं, प्यायलेच असतील. सगळं गाव खोटं आणि आपण दोघी खऱ्या, असं कधी असतं का? शहाडला परतताना मी बाबांचा मनापासून राग केला. पान्ह्याचंही उत्तर मी स्वतःला देऊन टाकलं. पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा सवयीनं पान्हा उचलतो. असं सगळं जुळवलं की बरं वाटतं. मला दोन दिवस तसं वाटलं.

मग ऑफिसात एका सोसायटीचा फोन आला. जनरेटर चालू होतो आणि बंद पडतो, डिझेल आहे, सगळं आहे. मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारला, “शेवटचा नीट चालला तेव्हापासून काय बदललंय?” त्यांच्याकडे बॅटरी बदलली होती आणि वायर ढिली राहिली होती, फोनवरच मिटलं. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न माझ्याच तोंडात राहिला. घरच्या मशीनला मी सगळं विचारलं होतं, हेच विचारलं नव्हतं. त्या मशीनला मी जे चांगलं होतं तेच पुन्हा पुन्हा तपासत होते.

पुढच्या रविवारी मी आईला विचारलं, “त्या दिवशी दर वर्षापेक्षा वेगळं काय होतं?”

आईनं बोटांवर मोजत आठवलं. होडी खरवडली, ती दर वर्षी. रंग दिला, तो दर वर्षी. टाकी भरली, खण बांधला. “बापसानं झाकनाचा वायसर नवा टाकला,” ती म्हणाली. “जुना सैल झालेला, होरी हलली का डिझेल सांडायचं. माझा रंग खराब होतो म्हनून मीच मागं लागलेली.”

वायसर म्हणजे झाकणाखालचं रबर. नवं रबर बसवल्यानं मशीन बंद पडत नाही. मी मान हलवली.

“तू बाटलीभर डिझेल टाकतंस,” आई म्हणाली. “त्या दिशी टाकी भरलेली. त्या दिशी होता तसाच कर.”

तिनं स्वतः डबा आणला. आम्ही टाकी काठोकाठ भरली. मी झाकण आवळलं. आईनं पदराआडून तो लाल खण काढला. तो ती बरोबर घेऊन आली होती. क्षणभर तिनं तो झाकणाकडे नेला आणि मग हात मागे घेऊन माझ्याकडे दिला. आता तो तिनं बांधायचा नव्हता. “तू बांध,” म्हणाली. मी बांधला, तिच्यासारखी गाठ मारली. आई धक्क्यावर उभी राहिली.

मशीन एका हँडलला चालू झालं. दोर ताणून धरत होडी जागच्या जागी ढकलत होती. धक्क्यापासून वळणापर्यंत जायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, आणि मशीनला उचकी लागली. मग दुसरी. मग ते बंद पडलं.

 इतके रविवार ज्याची वाट बघितली ते समोर झालं होतं. आधी पोट बघ. काचेच्या नळीत डिझेल वरपर्यंत दिसत होतं. म्हणजे पोट भरलेलं. पान्हा घेतला, पंपावरचा स्क्रू ढिला केला. बारीक धार आली, मग थेंब, मग तेही थांबले. हवा नाही, बुडबुडा नाही, काहीच नाही. वर भरलेली टाकी आणि खाली थेंब पोचत नाही. मग माणूस काय करेल? फिल्टर चोंदला म्हणेल. वाटी उघडेल. पाठ वळवून, डोकं पेटीत घालून, खाली वाकून बसेल, आणि खाडी त्याला पुलाच्या खांबाकडे घेऊन जात असेल. बाबा हेच करत होते. माझ्या हातांनी तेच, त्याच क्रमानं केलं होतं, कारण ते त्यांनीच शिकवलेलं. ते प्यायलेले नव्हते. मला तिथे मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

एकच गोष्ट त्यांनी केली नव्हती, आणि ती त्यांना करता येत नव्हती. मी लाल खणाची गाठ सोडली आणि झाकण फिरवलं.

टाकीनं सूं करून हवा आत ओढली, बराच वेळ दम कोंडलेल्या माणसासारखी. खाली उघड्या स्क्रूतून डिझेलची धार उसळली आणि माझ्या पायांवर आली.

मी झाकण उलटं केलं. मधोमध बारीक भोक असतं, सुईच्या जाडीचं. डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला ते ठेवलेलं असतं. हवा आली नाही तर टाकी डिझेल धरून ठेवते, खाली सोडत नाही. ते भोक निळ्या रंगानं बुजलेलं होतं. गुळगुळीत, एकसारखं, मन लावून दिलेला रंग.

दर वर्षी ते असंच बुजत असणार. पण जुनं रबर सैल होतं, त्याच्या कडेनं हवा जायची, म्हणून कधी काही झालं नाही. त्या वर्षी बाबांनी नवं रबर टाकलं, आईचा रंग खराब होऊ नये म्हणून. टाकीत डिझेल थोडं असलं तर वरच्या मोकळ्या हवेवर मशीन बराच वेळ निघतं. ती काठोकाठ भरली, बरकत यावी म्हणून, तर लगेच गुदमरतं. आणि झाकण नुसतं उघडलं असतं तरी सगळं सुटलं असतं, पण त्यावर खण बांधला होता. माझ्या टेबलावर ही तक्रार आली असती तर एका मिनिटात मिटली असती.

“काय गं?” आई धक्क्यावरून म्हणाली. “सापरलं?”

मी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे तिला द्यायला तिनं मागितलेलं सगळं होतं. फक्त ते देताना तिच्याच ब्रशाचं नाव घ्यावं लागणार होतं.

“पिन दे एक,” मी म्हटलं. “नोजल साफ करायचाय.”

तिनं ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन काढून वाकून माझ्या हातात दिली. मी पाठ फिरवून झाकणाचं भोक साफ केलं, पिन तिला परत दिली आणि म्हणाले, “डिझेलात पाणी होतं आई. डब्यात पावसाचं गेलं असणार. टाकी भरली की तळाचं हलतं आणि नळीत येऊन बसतं. त्यानं बंद पडलं.”

“नक्की?”

“नक्की. बाबा ते काढायलाच वाकलेले. पान्हा त्यासाठीच होता.”

आई थोडा वेळ हातातल्या पिनेकडे बघत राहिली, मग तिनं ती ब्लाउजला लावली. पदर खोचला आणि गावाकडे चालत गेली. मी होडी बांधून वर पोचले तेव्हा ती देवळापाशी उभी राहून भांडणाच्या आवाजात सांगत होती, “मशीन बंद परलेलं! डिझेलात पानी होतं! माझ्या पोरीनं काढलं, डोल्यांनी बगितलं मी! त्यानं घेतली नव्हती!” ती एवढं मोठ्यानं बोललेली मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

गावाला काय, मेल्या म्हशीला मणभर दूध. आठवड्याभरात सगळे म्हणायला लागले की तो कधी प्यायचाच नाही हो, उगाच लोक काही बोलतात. ज्यांनी आमच्या ओट्यावर बसून कुजबुज केली होती त्यांनी स्वतःहून डिझेलच्या डब्यावर झाकण घालायचे सल्ले वाटले. काकांनी माझ्यासमोर डोळे पुसले. आई त्या दिवशी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि मी ते बघत बसले. आपण बरोबर केलं असं मला वाटलं. अजूनही वाटतं, पण तेव्हा वाटलं तसं नाही.

होडी विकायला आई तयार झाली नाही. आता ती माझा चुलतभाऊ चालवतो. पुढच्या वर्षी सण आला तशी काकू म्हणाली की मशीनला रंग आता सूनबाई देईल, रीत तशीच आहे. आईनं ऐकलं नाही. टाकी मीच रंगवणार, म्हणाली, आणि नंतर कुणाला काय बांधायचं ते बांधा. 

मी आदल्या दिवशी गेले. होडी काठावर ओढलेली, खाली विटा लावलेल्या. आईची टाकी रंगवून झाली होती आणि ती रॉकेलमध्ये ब्रश धूत बसली होती. टाकी पुन्हा निळी, पत्र्याचा कण उघडा नाही. मी जवळ गेले. झाकणाच्या मधोमध, त्या भोकात, आगपेटीतली एक काडी उभी होती. आधी तासून बारीक केलेली, आणि मग रंग तिच्याभोवतीनं हलक्या हातानं फिरवलेला.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही.

मग मला बाटली आठवली. बाटलीतलं डिझेल तिनं स्वतः उन्हात धरून बघितलं होतं आणि त्यात पाण्याचा थेंब नव्हता. पिन आठवली. मी ती न पुसता परत दिली होती, आणि तिच्या टोकाला काय लागलेलं असणार ते मला आत्ता दिसलं. म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. धक्क्यावरून देवळापर्यंत चालत जायच्या आधीच. ती गावासमोर घसा फोडून नवऱ्याला सोडवत होती तेव्हा तिला माहीत होतं की त्याला कुणी अडकवलं. मी माझा शहाणपणा कुरवाळत इतके महिने हिंडले, आणि ही बाई रोज एकटी ते गिळत होती. माझ्यासाठी. मला खोटं बोलल्याचं समाधान मिळावं म्हणून. मला तिच्या पायांवर पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

“आई,” मी म्हटलं, आणि माझा हात कसा कोण जाणे त्या काडीकडे गेला.

तिनं ब्रशावरून नजर उचलली नाही.

“हात लावू नको,” ती म्हणाली. “रंग वला हाय.”

मी तिच्या शेजारी विटेवर बसले. रंग सुकेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.